आधीं वाटाणा, मग हरिश्चंद्र

रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर हल्लीं पुष्कळ घरांतून एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. घरांतील नात हातांतला मोबाईल आजोबांपुढें धरते आणि "आजोबा, हें पाहा" म्हणून कांहीं तरी दाखविते. कधीं दुधाचा थेंब बशींत पडून क्षणभर त्याचा मुकुट होतो. कधीं कागदाची भिंगरी मेणबत्तीच्या उष्णतेनें गरगर फिरूं लागते. कधीं एका गोटीच्या धक्क्यानें खोलीभर मांडलेल्या वस्तु एकीमागून एक कोसळत जातात आणि शेवटीं एक लहानशी घंटा वाजते. खेळ दोन-तीन मिनिटांचा. त्यांत नायक नाहीं, नायिका नाहीं, गाणें नाहीं आणि खलपुरुषही नाहीं. असें असून घरांतील तिन्ही पिढ्या तो सारख्याच कुतूहलानें पाहतात, आणि खेळ संपला म्हणजे कोणी तरी विचारतेंच, "हें केलें तरी कसें?"

या एका प्रश्नाचा इतिहास वाचकांपुढें ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. अशा लहान, आश्चर्यकारक आणि बहुधा कांहीं तरी शिकविणाऱ्या चित्रफितींना आपण सोईसाठीं 'कौतुकपट' म्हणूं. हे कौतुकपट म्हणजे इंटरनेटनें आणलेलें नवें खूळ, अशी पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींची समजूत असते. मुलांचा अभ्यासाचा वेळ त्यांत जातो, ही तक्रार तर घरोघरची आहे. तक्रारींत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. समजूत मात्र चुकीची आहे. कौतुकपट हा कथापटाचा धाकटा भाऊ नसून वडील भाऊ आहे. आणि आपल्या महाराष्ट्रांत तर कथापटाच्या घराचा एक चिरा कौतुकपटानेंच बसविला. हें घराणें नीट ओळखल्यावांचून आजच्या पिढीच्या हातांतील खेळांचें बरेंवाईट ठरवितां येणार नाहीं.

चलच्चित्राचा जन्म नाटकगृहांत झाला नाहीं. तो झाला घोडा दौडविण्याच्या मैदानावर, आणि तोही एका शंकेपोटीं. घोडा भरधाव पळत असतां त्याचे चारही पाय एकाच क्षणीं जमिनीपासून सुटतात कीं नाहीं, याचा निवाडा मानवी डोळ्याला करतां येईना. १८७८ सालीं एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारानें कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें वाटेच्या कडेनें बारा कॅमेरे ओळीनें मांडले आणि प्रत्येकाचा दोरा घोड्याच्या वाटेंत आडवा ताणला. घोडा धांवत गेला, दोरे तुटत गेले आणि बारा चित्रें उमटलीं. चारही पाय सुटतात खरे, असें त्यांत दिसून आलें. मात्र चित्रकार रंगवीत त्याप्रमाणें ते पुढें-मागें ताणलेले असतांना नव्हे, तर पोटाखालीं गोळा झालेले असतांना. शतकानुशतकें थोर थोर चित्रकारांनीं घोडा चुकीचा काढला होता, आणि तें सांगावयास एका यंत्राला यावें लागलें.

पुढें १८८२ सालीं मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा बनविला. त्याचा चाप ओढला म्हणजे एका सेकंदांत बारा चित्रें उमटत. या बंदुकीनें त्यानें पुष्कळ पक्षी टिपले, पण एकही मारला नाहीं. जें फार वेगवान् आहे तें मंद करून पाहण्याची ही विद्या झाली. तिच्या उलट विद्या लाइपझिग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म प्फेफर यानें १८९८ ते १९०० या काळांत वापरली. वनस्पतींच्या हालचाली इतक्या सावकाश होतात कीं, त्या डोळ्याला दिसतच नाहींत. प्फेफरनें ठराविक अंतरानें एक एक चित्र घेतलें व ती फीत नेहमींच्या वेगानें फिरविली. तेव्हां अनेक दिवसांची हालचाल कांहीं क्षणांत डोळ्यांपुढून गेली. राहिली ती सूक्ष्म वस्तूंची सृष्टि. १९०३ सालीं लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहांत चार्ल्स अर्बन यानें सूक्ष्मदर्शकांतून घेतलेल्या फितींचा खेळ लावला, आणि चीजच्या तुकड्यावर वळवळणारे किडे पडदाभर मोठे होऊन प्रेक्षकांपुढें आले. १९१० सालीं पर्सी स्मिथ यानें 'फुलाचा जन्म' या अर्थाच्या नांवाची फीत काढली. तींत कळ्या पाहतां पाहतां उमलतात. हा स्मिथ कोणी प्राध्यापक नव्हता. इंग्लंडच्या शिक्षणखात्यांतील तो एक कारकून होता.

यावरून एक गोष्ट वाचकांच्या ध्यानांत येईल. चलच्चित्र निर्माण झालें तें गोष्ट सांगण्याकरितां नव्हे. डोळ्याला जें दिसत नाहीं तें दाखविण्याकरितां झालें. गोष्टी त्याला मागाहून सुचल्या.

मुंबईस ही विद्या फार लौकर पोंचली. ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्यांतील सहा फितींत स्टेशनांत शिरणारी आगगाडी होती, तशी भिंत पाडण्याची एक फीतही होती. ही भिंतीची फीत उलटी फिरवून दाखविण्याची गंमत ल्युमिएर यांच्या खेळांतून पुढें फार लोकप्रिय झाली; उडालेला धुरळा आंत ओढला जाई आणि पडलेली भिंत आपोआप उभी राही. आपल्याकडील मंडळी केवळ पाहत बसली होती असेंही नाहीं. याच्या आधींच, १८९२ सालीं, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं 'शांबरिक खरोलिका' हा खेळ सुरू केला होता. कांचेवर रंगविलेलीं चित्रें जादूच्या कंदिलांतून पडद्यावर टाकून व तीं भराभर बदलून ते हालचालीचा भास उत्पन्न करीत. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनीं १८९९ सालीं हँगिंग गार्डनमध्यें कुस्तीची फीत घेतली. आणि १९०१ च्या अखेरीस केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या स्वागताचें चित्रण केलें. आपल्या इकडच्या अगदीं आरंभींच्या फितींत एका गणितज्ञाच्या स्वागताची फीत असावी, ही गोष्ट मोठी मनोरम आहे.

या पार्श्वभूमीवर दादासाहेब फाळके येतात. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें एका शास्त्र्यांच्या घरीं झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व पुढें बडोद्याच्या कलाभवनांत त्यांचें शिक्षण झालें. गोध्रा येथें त्यांनीं फोटोग्राफीचा धंदा केला, पुराणवस्तुखात्यांत नोकरी केली, ती सोडून लोणावळ्यास छापखाना काढला आणि रंगीत छपाईसाठीं १९०९ सालीं ते जर्मनीस जाऊन आले. याखेरीज ते जादूचे प्रयोग शिकले होते, आणि आडनांवाचीं अक्षरें उलट क्रमानें घेऊन 'प्रोफेसर केळफा' या नांवानें ते करून दाखवीत. भागीदारांशीं मतभेद होऊन ते छापखान्यांतून बाहेर पडले, तेव्हां त्यांनीं चाळिशी गांठली होती. त्या सुमारास मुंबईंत ख्रिस्ताच्या चरित्राचा एक चित्रपट त्यांच्या पाहण्यांत आला, आणि ख्रिस्ताच्या जागीं राम-कृष्ण पडद्यावर केव्हां दिसतील, या विचारानें त्यांना पछाडलें. रात्रंदिवस केलेल्या प्रयोगांच्या ताणानें त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली; उपचारांनीं ती परत आली. मग आयुष्याचा विमा गहाण ठेवून त्यांनीं फेब्रुवारी १९१२ मध्यें लंडन गांठलें. वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्या कारखान्यांत चित्रपटाची कृति पाहिली, विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा व फितीला भोंकें पाडण्याचें यंत्र खरेदी केलें आणि एप्रिलच्या आरंभीं ते मुंबईस परत आले.

येथवरची कथा बहुतेकांस ठाऊक असते. आणि बहुतेकजण येथून एकदम 'राजा हरिश्चंद्रा'वर उडी घेतात. परंतु मध्यें एक अडचण उभी होती. पैसा संपला होता. नट जमवावयास, पोशाख शिवावयास, देखावे रंगवावयास पैसा हवा. पैसा मिळावयास सावकाराचा विश्वास हवा. आणि विश्वास बसावयास आधीं चित्र हवें. १९१२ च्या मे महिन्यांत दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' मुंबईंत दाखविला गेला होता खरा. पण तें रंगभूमीवरील नाटकाचें चित्रण होतें आणि कॅमेरा चालविणारा परदेशी होता. फितीला भोंकें पाडण्यापासून ती धुऊन पडद्यावर टाकण्यापर्यंत सर्व क्रिया एका हिंदी गृहस्थाच्या घरांत होऊं शकतात, हें कोणीं कसें मानावें?

या पेंचांतून दादासाहेबांनीं जो मार्ग काढला तो पुराणांतला नव्हता, परसांतला होता. त्यांनीं कुंडींत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा मांडला. बीं फुटलें, कोंब वर आला, पानें उलगडलीं, तंतूंनीं आधार शोधला आणि वेल चढूं लागला. महिन्याहून अधिक काळ हें चित्रण चाललें होतें. त्याची जी फीत झाली तिला 'अंकुराची वाढ' असें नांव आहे. ती जेमतेम मिनिटभर चालणारी होती.

चरित्रकथांतून असें सांगतात कीं, दादासाहेब रोज एक चित्र घेत. आम्हींही हें वाचलें होतें आणि मान डोलावली होती. परंतु नववींत शिकणाऱ्या आमच्या पुतणीस ही कथा सांगितली, तेव्हां तिनें वहीच्या मागल्या पानावर आंकडे मांडले आणि म्हणाली, "काका, हें जुळत नाहीं." मूकपटांच्या काळीं फीत साधारणतः सेकंदाला सोळा चित्रें या गतीनें फिरे. मिनिटभर चालावयास ९६० चित्रें हवींत. रोज एकच घेतलें, तर महिन्यांत तीस होतील व तीं दोन सेकंदांच्या आंत संपून जातील. आणि ९६० जमावयास अडीच वर्षांहून अधिक काळ लागेल. तेव्हां दोहोंपैकीं एक गोष्ट घडली असली पाहिजे. एक तर एकच चित्र फितीवर अनेक वेळां उतरविलें असेल; नाहीं तर दिवसाकाठीं तीस-बत्तीस चित्रें घेतलीं असतील. दुसरी गोष्ट खरी मानली, तर बारा तासांच्या दिवसांत दर बावीस-तेवीस मिनिटांनीं एक, असा हिशेब येतो. म्हणजे महिनाभर त्या कुंडीपासून कोणासही फार वेळ दूर जातां आलें नसेल. दंतकथा थोर पुरुषांचे कष्ट वाढवून सांगतात, असा आपला अनुभव आहे; येथें दंतकथेनें ते कमी करून सांगितले असावेत, असें मुलीच्या वहींतील आंकडे म्हणतात.

हे कष्ट एकट्या दादासाहेबांचेही नव्हते. कच्ची फीत त्या वेळीं भोंकें न पाडलेली मिळे. अंधाऱ्या खोलींत हातानें यंत्र चालवून तिच्या कडेला भोंकें पाडावीं लागत. हें काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. फीत धुण्यांत त्यांचा हात होता, उन्हांत पांढऱ्या चादरी धरून प्रकाश परतविण्यांत होता, आणि पुढें पैसा अपुरा पडला तेव्हां त्यांचे दागिने गहाण पडले. घरांतील मंडळींचें जेवणखाण करून हें सर्व त्यांनीं केलें.

'अंकुराची वाढ' पाहून छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांची खात्री पटली, व कर्जाची सोय झाली. पुढील इतिहास प्रसिद्ध आहे. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' सुरू झाला. सत्यवचनी राजाच्या कथेला भांडवल मिळालें तें एका वाटाण्याच्या साक्षीवर.

ही साक्ष पटण्याजोगी कां झाली, याचा थोडा विचार केला पाहिजे. वाटाणा ही वस्तु कोणास अपरिचित नाहीं. ज्यानें कधीं कुंडींत चार दाणे टाकले आहेत, त्याला वेल कसा वाढतो हें ठाऊक असतें. मात्र तो वाढतांना त्यानें कधीं पाहिलेला नसतो. सकाळीं पाहावें तों तंतु काठीला गुंडाळलेला असतो. तो गुंडाळत असतांना कोणी पाहिला? पडद्यावर तेंच दिसलें. ठाऊक असलेली वस्तु न पाहिलेल्या रूपांत पुढें आली, आणि पाहणाऱ्यास तिचा पडताळा स्वतःच्या घरीं घेतां येण्याजोगा होता. एखादा राक्षस किंवा गंधर्व पडद्यावर उडवून दाखविला असता, तर व्यवहारी माणसानें ती हातचलाखी म्हणून सोडून दिली असती. वाटाण्याला हातचलाखी म्हणतां येईना.

दादासाहेब पुढें पुराणकथांकडे वळले आणि त्यांचें नांव त्या कथापटांनींच झालें. तरी लहान फितींचा नाद त्यांनीं सोडला नाहीं. 'आगकाड्यांची मौज' या फितींत पेटींतल्या काड्या आपोआप हालून निरनिराळ्या आकृति करीत. 'लक्ष्मीचा गालिचा' या फितींत नाण्यांची तशीच करामत होती. तळेगांवच्या कांचकारखान्याची फीत त्यांनीं काढली. आणि 'प्रोफेसर केळफा' यांचे जादूचे प्रयोगही पडद्यावर आणले. काड्या हालविण्याची युक्ति आणि वेल वाढविण्याची युक्ति मुळांत एकच आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. एक चित्र घ्यावयाचें, थांबावयाचें, पुन्हां एक घ्यावयाचें. मधल्या अवकाशांत वाटाणा आपण होऊन वाढतो. काडी मात्र माणसाला हातानें सरकवावी लागते.

येथें एखादा चिकित्सक वाचक विचारील, वाटाणा खरा असेल, पण काड्या तर खोट्याच ना? काडी कांहीं चालत नाहीं. मग ही फसवणूक नव्हे काय? शंका योग्य आहे, आणि तिचें उत्तर दादासाहेबांनीं स्वतः देऊन ठेवलें आहे. १९१७ सालीं त्यांनीं 'चित्रपट कसे तयार करतात' नांवाची फीत काढली. नटांना शिकवितांना, चित्रण करतांना, फितीची जुळणी करतांना, असे ते स्वतः तींत दिसतात. तिचे कांहीं अंश सुदैवानें टिकले आहेत. त्याच वर्षीं त्यांनीं 'नवयुग' मासिकांत भारतीय चित्रपटाविषयीं लेख लिहून आपली खटपट सविस्तर सांगितली. जादूगार आपली युक्ति प्राणापलीकडे जपतो. युक्ति कळली कीं त्याचा खेळ संपला. स्वतः जादूगार असलेल्या या गृहस्थानें मात्र आपली सर्वांत मोठी जादू कशी घडते तें पडद्यावर मांडलें. काडी चालते असें भासविणें हा खेळ आहे. ती कशी चालविली हें सांगावयास तयार असणें, हें त्या खेळाचें इमान आहे.

दादासाहेबांनीं १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें देह ठेवला. 'अंकुराची वाढ' ही फीत आज पाहावयास मिळत नाहीं. परंतु तिचें घराणें खुंटलें नाहीं. हॅरॉल्ड एजर्टन या अमेरिकन अभियंत्यानें क्षणार्धाचाही सूक्ष्म अंश टिकणाऱ्या विजेच्या प्रकाशांत दुधाच्या थेंबाचा मुकुट जगाला दाखविला. त्याच्या प्रयोगांवरील एका लघुपटास १९४० सालच्या लघुपटांसाठीं असलेलें ऑस्कर पारितोषिक मिळालें. १९७७ सालीं चार्ल्स व रे ईम्स या दांपत्यानें नऊ मिनिटांच्या एका फितींत शिकागोच्या बागेंत निजलेल्या माणसापासून निघून, दर दहा सेकंदांनीं दसपट दूर जात, आकाशगंगांच्या पलीकडे नेऊन आणलें आणि परत त्याच्या हाताच्या कातडीमधून अणूच्या गर्भांत उतरविलें. २००५ सालीं यूट्यूब सुरू झालें. त्यावरील पहिली फीत एकोणीस सेकंदांची असून तींत प्राणिसंग्रहालयांतील हत्तींपुढें उभा राहून एक तरुण चार वाक्यें बोलतो. ल्युमिएर यांच्या आगगाडीप्रमाणें हाही आरंभ साधाच होता. त्यानंतर मात्र ज्याच्या हातीं मोबाईल आहे, तो प्रत्येकजण पर्सी स्मिथ होऊं शकेल, अशी स्थिति आली.

या नव्या काळांतील एक उदाहरण महाराष्ट्रांतलेंच आहे, आणि योगायोग असा कीं तेंही आगकाड्यांचें आहे. कानपूरच्या आय. आय. टी.चे पदवीधर अरविंद गुप्ता हे पुण्यास मोटारींच्या कारखान्यांत नोकरीस होते. मध्य प्रदेशांतील होशंगाबादच्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यक्रमांत काम करतांना त्यांनीं सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून तिच्या तुकड्यांनीं आगकाड्या एकमेकींस जोडल्या. त्यांपासून त्रिकोण होतो, चौकोन होतो, घन होतो. चौकोन बोटानें दाबला कीं कलंडतो. त्रिकोण कलंडत नाहीं. पुलांना आणि छपरांच्या कैच्यांना त्रिकोण कां असतात, हें दहा वर्षांच्या मुलाला दोन पैशांच्या साहित्यांत समजतें. पुढें २००३ ते २०१४ या काळांत पुण्याच्या आयुका या संस्थेंतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत असतांना त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं टाकाऊ वस्तूंपासून करावयाच्या खेळण्यांच्या शेंकडों लहान फिती तयार केल्या, आणि मराठीसह अनेक भाषांत त्या इंटरनेटवर विनामूल्य ठेवल्या. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. फाळक्यांच्या काड्या पडद्यावर नाचल्या. गुप्तांच्या काड्या पडद्यावरून उतरून मुलांच्या हातांत आल्या. दोहोंच्या मध्यें सुमारें शंभर वर्षें गेलीं.

आतां आजच्या चिंतेविषयीं. संगणकाच्या साहाय्यानें आज कोणतेंही दृश्य बनवितां येतें. पाणी उलटें वाहतें, लोहचुंबकावर चाक कोणत्याही शक्तीवांचून अखंड फिरतें, मांजर वीणा वाजवितें. आणि हें सर्व खऱ्याखुऱ्या प्रयोगाइतकें हुबेहूब दिसतें. अशा फितींना आमचा सरसकट विरोध नाहीं. मांजराची वीणा ही गंमत आहे व ती कोणास फसवीत नाहीं. परंतु अखंड फिरणारें चाक जेव्हां प्रयोग म्हणून दाखविलें जातें, तेव्हां एखादें मूल चार दिवस खटपट करून तसें चाक बनवूं पाहतें, तें फिरत नाहीं, आणि दोष आपल्या हातांचा आहे असें तें समजतें. ही हानि लहान नव्हे. दहा वेळां असें झालें म्हणजे मूल करून पाहणें सोडून देतें; आणि मग खरा प्रयोग पुढें आला तरी "असेल कांहीं तरी संगणकाचें" म्हणून मान फिरवितें. खोट्या कौतुकाचा खरा अपाय हा कीं, तें खऱ्या कौतुकाचीही पत घालवितें. नाडकर्णींनीं वाटाणा पाहून विश्वास टाकला. आजचा नाडकर्णी टाकील काय?

म्हणून कौतुकपटाची परीक्षा करतांना तो किती आश्चर्यकारक आहे एवढेंच पाहून भागणार नाहीं. "हें केलें कसें?" या प्रश्नाला तो उत्तर देतो कीं पाठ फिरवितो, आणि सांगितलेल्या रीतीनें तें आपल्या घरीं घडतें कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. मुलांच्या हातून मोबाईल हिसकावून घेण्यापेक्षां त्यांच्या शेजारीं बसून हा प्रश्न विचारणें अधिक कठीण आहे. कारण मग उत्तर शोधावयास आपणांसही उठावें लागतें.

आम्हांला तें उठावें लागलें. आंकडे मांडून झाल्यावर पुतणीनें व तिच्या धाकट्या भावानें स्वतःच वाटाणे पेरण्याचें ठरविलें. पहिली खेप फुकट गेली. पाणी घालावयास घरांतील कोणीं तरी कुंडी उचलली व परत ठेवतांना ती चार बोटें सरकली. फितींत वेल एकाएकीं उडी मारतो. दुसऱ्या खेपेस कुंडी जागची हालली नाहीं, पण चित्र सारखें लुकलुकूं लागलें. कारण सकाळचें ऊन्ह, दुपारचें ऊन्ह आणि ढगाळ दिवस यांचा उजेड एकसारखा नसतो. तेव्हां खिडकी बंद करून चित्र घेतेवेळीं एकच दिवा लावण्याची तोड त्यांनीं काढली. "फाळक्यांनीं उजेडाचें काय केलें असेल, काका?" असें मुलानें विचारलें. त्या काळीं मुंबईंतल्या घरांत, एका महिन्याच्या मुदतींत, कर्जाच्या काळजींत, हा प्रश्न कोणी तरी सोडविला होता, हें त्या क्षणीं जितकें आम्हांस उमगलें तितकें कोणतेंही चरित्र वाचून उमगलें नव्हतें.

तिसऱ्या खेपेचे वाटाणे सध्यां कुंडींत आहेत. काल रात्रीं कोंबाला दोन पानें होतीं. आज सकाळीं एक तंतु काठीला लागला आहे, आणि तो लागतांनाचें चित्र या वेळीं हाताशीं आहे.